दुर्बिणीच्या मापातले पाप

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पक्षी सप्ताह जवळ आला, की आमच्यासारख्या जुन्या पक्षीनिरीक्षकांना एकच प्रश्न हमखास विचारला जातो : दुर्बीण कोणती घ्यावी आणि तिला किती पैसे मोजावेत? मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस साधून राज्य शासनाने २०२० मध्ये हा सप्ताह जाहीर केला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आमच्या नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वरला महाराष्ट्रातील पहिले रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले होते. तेव्हापासून चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर रविवारी सकाळी दिसणाऱ्या चेहऱ्यांत शाळकरी मुले, निवृत्त दांपत्ये आणि गावातलेच तरुण मार्गदर्शक अशी नवी भर पडत आहे, याचा आनंदच आहे. मात्र या नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात जी दुर्बीण पडते, तिच्या खोक्यावर छापलेली मापे बहुतेक वेळा खोटी असतात आणि ती तपासणारे कोणी नाही. या प्रश्नाकडे वजनमापे तपासणाऱ्या सरकारी वैधमापनशास्त्र यंत्रणेचे, ग्राहक संघटनांचे आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र.

अलीकडे आमच्या परिचयातील एका मुलाने ऑनलाइन मागवलेली दुर्बीण मी हाताळली. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तीच वस्तू निरनिराळ्या नावांनी विकली जाते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘६० × ६०’ असे लिहिले होते. त्याखाली ‘नाइट व्हिजन’, ‘एचडी’ आणि ‘मिलिटरी’ हे तीन शब्द होते. छापील किंमत ८,९९९ रुपये होती आणि विक्री १,४९९ रुपयांना झाली होती. दुर्बिणीच्या पाठीवर बारीक अक्षरांत दृष्टिक्षेत्रही, म्हणजे एका नजरेत किती रुंदी दिसते तेही, कोरले होते : १,००० मीटरवर १२६ मीटर. ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, की पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. म्हणजे या दाव्यानुसार वस्तू साठ पट जवळ दिसायला हवी होती आणि पुढचे भिंग साठ मिलिमीटरचे असायला हवे होते.

फूटपट्टी लावली तेव्हा पुढच्या भिंगाची काच ४० मिलिमीटर भरली. पण काच किती रुंद आहे, यावर सारे अवलंबून नसते. आत बसवलेल्या अरुंद कड्यांमुळे किंवा छोट्या लोलकांमुळे त्या काचेचा बराच भाग निरुपयोगी ठरू शकतो. हे तपासण्याची रीत सोपी आहे. खोलीत अंधार करून डोळ्याकडच्या भिंगामागे हातभर अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरावा आणि पुढच्या भिंगाला आलेखाचा कागद टेकवून त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मोजावा. जेवढे भिंग खरोखर कामाला येते, तेवढेच वर्तुळ पडते. इथे ते ३२ मिलिमीटरचे पडले. मग दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर लांब धरली, तेव्हा डोळ्याकडच्या भिंगात जो चकचकीत ठिपका दिसतो, तो चार मिलिमीटरचा निघाला. भिंगाच्या कामाच्या व्यासाला या ठिपक्याच्या व्यासाने भागले, की दुर्बीण किती पटीची ते कळते. बत्तीसला चाराने भागले, की आठ येतात. दुर्बीण साठ पटीची नव्हतीच, ती आठ पटीची होती. गंमत अशी, की पाठीवरचा १२६ मीटरचा आकडा तेवढा खरा होता. १,००० मीटरवर १२६ मीटर म्हणजे ७.२ अंशांचे क्षेत्र, आणि आठ पटीच्या दुर्बिणीला ते अगदी शोभणारे आहे. तेच क्षेत्र साठ पटीने दिसायचे म्हटले, तर डोळ्यांपुढे ४३२ अंश पसरायला हवेत, आणि पूर्ण वर्तुळ तर ३६० अंशांतच संपते. कोणत्या तरी बऱ्या दुर्बिणीवरून नकललेल्या या एका आकड्याने बाकीच्या सगळ्यांची चुगली केली.

साठ मिलिमीटर सांगून बत्तीस देणे म्हणजे किती कमी देणे, हेही पाहिले पाहिजे. प्रकाश गोळा होतो तो भिंगाच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्या हिशेबाने या मुलाला सांगितलेल्या प्रकाशाच्या जेमतेम २८ टक्के प्रकाश मिळाला. किराणा दुकानदाराने किलोच्या पैशांत २८० ग्रॅम डाळ दिली, तर त्याचा काटा जप्त होतो. इथे कोणाचे काहीच बिघडत नाही.

माझ्या मते हा प्रश्न दर्जाच्याही आधी मापाचा आहे, आणि म्हणूनच त्यावर उपाय करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वैधमापनशास्त्र कायदा, २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, आयात वस्तू असल्यास मूळ देश, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावा लागतो. वस्तूचा आकार खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल, तर तिची मापे देण्याची तरतूदही याच नियमांत आहे. दुर्बिणीत पुढच्या भिंगाचा व्यास हेच मुख्य माप असते आणि तो मिलिमीटरमध्ये, म्हणजे कायदेशीर एककातच, सांगितलेला असतो. मग तो खोटा छापणे हे मापातले पाप नाही तर काय? वैधमापन निरीक्षकांनी त्याकडे आजवर पाहिलेले नाही, याचे कारण बहुधा एवढेच असावे, की दुर्बीण ही त्यांच्या नजरेला खेळण्याच्या किंवा भेटवस्तूच्या दुकानात पडलेली वस्तू वाटते. वर सांगितलेल्या चाचणीला टॉर्च, पट्टी आणि कागद लागतो. एखाद्या निरीक्षकाने शहरातल्या चार दुकानांतून आणि संकेतस्थळांवरून नमुने उचलले, तर एका दिवसात निकाल हाती येईल.

आता किमतीकडे वळतो. छापील किमतीबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. ती किंमत कोणी तरी पारखून ठरवून दिलेली असते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ठरवतो. कायदा तिच्याहून जास्त घेऊ देत नाही, एवढेच. त्यामुळे ८,९९९ छापून १,४९९ ला विकणे आणि त्यावर ‘८३ टक्के सूट’ अशी लाल पट्टी लावणे हा शुद्ध कागदी खेळ आहे. ती दुर्बीण ८,९९९ ला कोणी कधी विकतच घेतलेली नसते. नवख्या माणसाचा तोटा इथे दुहेरी होतो. आपण नऊ हजारांची वस्तू स्वस्तात पटकावली, असे त्याला वाटते, आणि खरोखर आठ-नऊ हजारांना मिळणारी प्रामाणिक दुर्बीण त्याला महाग वाटू लागते.

१,४९९ रुपयांत नेमके काय येऊ शकते, याचा साधा हिशेब करू. दुर्बिणींवरील वस्तू व सेवा कर नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तो वजा केला, की सुमारे १,२७० रुपये उरतात. त्यातून संकेतस्थळाचे कमिशन, कुरिअर, परत आलेल्या मालाचा खर्च, आयात शुल्क, समुद्री वाहतूक, आयातदाराचा नफा आणि ते गुळगुळीत रंगीत खोके वजा करा. जे उरेल, त्यात कारखान्याने भिंगांच्या दोन नळ्या, चार लोलक, नेत्रभिंगे, फोकसची चाके, जुळवणी आणि तपासणी बसवायची आहे. अर्थात जुळवणी आणि तपासणी बसत नाही. ती गाळली जाते, आणि गाळली गेल्याचे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

ही न दिसणारी बाब सर्वांत महत्त्वाची असल्याने तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. दुर्बीण म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या दोन छोट्या दुर्बिणी. दोघींचे अक्ष अगदी समांतर असावे लागतात. त्यात किंचित जरी फरक पडला, तरी दोन डोळ्यांना दोन जागी चित्रे दिसतात. मेंदू ती ओढूनताणून एकत्र आणतो आणि त्याची किंमत कपाळाच्या दुखण्याने वसूल करतो. दुकानात अर्धा मिनिट पाहताना हे कळत नाही. पाणथळीवर तासभर उभे राहिल्यावर कळते. ‘दुर्बिणीने पाहिले की माझे डोकेच दुखते’ असे म्हणून हा छंद सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. समोरच्या गच्चीचा कठडा किंवा विजेची आडवी तार दुर्बिणीत धरून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब नेली आणि दोन वर्तुळांतली तार वर-खाली झाली, तर ती दुर्बीण परत करावी. स्वस्त मालात लोलक केवळ गोंदाच्या थेंबावर टेकवलेले असतात, त्यामुळे कारखान्यातून नीट निघालेली दुर्बीणही कुरिअरच्या आदळआपटीत बिघडते. नंतर दुरुस्तीला न्यावी, तर कारागीर सापडत नाही. सापडला, तर तो प्रामाणिकपणे सांगतो की उघडून जुळवायला जेवढे घेईन, तेवढ्यात नवी येईल.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे काचेवरचे लेप. प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के परावर्तित होऊन वाया जातो. साध्या पोरो बांधणीच्या (जुन्या वळणाच्या, रुंद खांद्यांच्या) दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग सहज असतात. म्हणजे लेप नसेल तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो, आणि त्यातला काही आत इकडेतिकडे उधळून चित्र धुरकट करतो. यावरचा परावर्तनरोधक लेप जर्मनीच्या झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्येच शोधला होता. आज चांगल्या बहुस्तरीय लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरचे नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि दहा पृष्ठभाग ओलांडूनही ९५ टक्के प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. स्वस्त दुर्बिणींत हा लेप फक्त बाहेरून दिसणाऱ्या काचेवर असतो. काहींवर तर लाल-नारिंगी चमकणारा लेप देतात आणि त्यालाच ‘नाइट व्हिजन’ म्हणतात. लाल रंग परतवून लावणारी काच उरलेले चित्र निळसर-हिरवट करते आणि एकूण प्रकाश कमीच करते, म्हणजे रात्री पाहण्यासाठी तिच्याइतकी गैरसोयीची काच दुसरी नसेल. संधिप्रकाशात पाहण्यासाठी खरोखर उपयोगी असते ती ७ × ५० सारखी जुनी, जहाजांवरची बांधणी, जिच्यातून सात मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत डोळ्यांत उतरतो. तिच्यात जादू काही नाही, निव्वळ भागाकार आहे.

लोलकांबद्दलही खोक्यावर ‘बॅक-४’ असे छापण्याची पद्धत पडली आहे. बॅक-४ ही बीके-७ या साध्या काचेपेक्षा जास्त वक्रीभवनांकाची, म्हणजे प्रकाश जास्त वळवणारी काच. पोरो बांधणीत ती वापरली, तर डोळ्याकडचा तो चकचकीत ठिपका पूर्ण गोल दिसतो, आणि बीके-७ असेल तर त्याच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसतात. हे कोणालाही दुकानात उभ्या उभ्या पाहता येते, तरी खोट्या छपाईचे धाडस होते, कारण पाहायचे असते हेच गिऱ्हाइकाला माहीत नसते.

सरळ नळ्यांच्या, आटोपशीर दिसणाऱ्या रूफ, म्हणजे छपरासारख्या कोनाच्या, लोलकाच्या दुर्बिणींत प्रकरण आणखी नाजूक आहे. त्या लोलकाचा छताचा कोन अतिशय अचूक घासावा लागतो, शिवाय त्यावर आरशाचा आणि प्रकाशलहरींची फेज जुळवणारा असे खास लेप द्यावे लागतात. फेज जुळवणारा लेप झाईसने १९८८ मध्ये बाजारात आणला. हे सारे वगळून केवळ आकार तसा केलेली दुर्बीण चार-पाच हजारांना विकली जाते आणि ‘आधुनिक’ म्हणून मिरवते. त्याच पैशांतली जुन्या वळणाची, खांदे रुंद असलेली पोरो दुर्बीण तिच्याहून स्पष्ट दाखवते. थोडे पैसे असलेल्याने पोरोच घ्यावी, असे मी तरी विचारणाऱ्याला सांगतो.

महागातली प्रत्येक दुर्बीण किमतीला न्याय देते, असेही समजू नये. दीड हजार आणि आठ-दहा हजार यांच्यातला फरक आंधळ्यालाही कळेल, इतका मोठा आहे. तिथून पन्नास हजारांपर्यंतचा फरक सवयीच्या डोळ्याला कळतो. जर्मन-ऑस्ट्रियन घराण्यांच्या दोन लाखांच्या पुढच्या दुर्बिणी उत्कृष्टच आहेत. परंतु तिथे शेवटच्या चार-पाच टक्के सुधारणेसाठी, आणि नावासाठीही, दुप्पट-तिप्पट दाम मोजले जाते. मधल्या पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. अनेक नावांच्या दुर्बिणी प्रत्यक्षात चीनमधल्या युन्नान प्रांतातील कुनमिंगसारख्या ठिकाणच्या मोजक्या कारखान्यांतून येतात. यात गैर काही नाही, आणि तिथे उत्तम मालही बनतो. मात्र एकाच साच्यातून निघालेल्या दोन दुर्बिणींपैकी एकीचे लेप, काच आणि तपासणी मागवणाऱ्याने पैसे देऊन वरच्या दर्जाची मागितलेली असते, दुसरीची नसते. बाहेरून दोन्ही जुळ्या दिसतात. ‘आतला माल तोच आहे, फक्त नावाचे पैसे’ हे विक्रेत्यांचे लाडके वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. खरे-खोटे ठरवायला गिऱ्हाइकाकडे आज काही साधन नाही.

असे साधन एका देशाने एके काळी तयार केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून लहान-मोठ्या कारखान्यांच्या दुर्बिणी मोठ्या संख्येने परदेशी, विशेषतः अमेरिकेत जाऊ लागल्या, तेव्हा हलक्या मालामुळे सगळ्यांचेच नाव खराब होण्याची वेळ आली. जपान सरकारने निर्यातीपूर्व तपासणी सक्तीची केली. १९५७ चा निर्यात तपासणी कायदा हा त्यातला मुख्य. दुर्बिणींसाठी स्वतंत्र तपासणी संस्था काम करीत असे आणि उत्तीर्ण मालावर सोनेरी लंबगोल चिकटपट्टी लागत असे. शिवाय दुर्बिणीच्या सांगाड्यावर ‘जे-बी’ या अक्षरांपुढे एक क्रमांक ठोकलेला असे, ज्यावरून ती कोणत्या कारखान्यात बनली हे कळे, मग वरचे नाव न्यूयॉर्कच्या एखाद्या दुकानाचे का असेना. जुन्या बाजारात त्या काळातली एखादी दुर्बीण आजही हाती लागते आणि तो क्रमांक वाचून ती कोणी बनवली हे सांगता येते. ही व्यवस्था नमुने काढून तपासण्याची होती, तिने प्रत्येक दुर्बीण उत्कृष्ट झाली असे नाही. पण किमान दर्जाच्या खालचा माल बंदरावरच अडला आणि बनवणाऱ्याला नावामागे लपता आले नाही. तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला, तोवर जपानी दुर्बिणीची पत जगभर बसलेली होती.

आपल्याकडे एवढा मोठा व्याप लगेच व्हावा, अशी अपेक्षा नाही. पण दुर्बिणींसाठी आंतरराष्ट्रीय मानके आज तयार आहेत. आयएसओ १४१३३ या मानकाचे दोन भाग आहेत, एक सर्वसाधारण दुर्बिणींसाठी आणि दुसरा उच्च दर्जाच्या दुर्बिणींसाठी, आणि चाचण्या कशा घ्यायच्या हे आयएसओ १४४९० मध्ये सांगितले आहे. आयातदाराने ‘ही दुर्बीण सर्वसाधारण वर्गातील मानकात बसते’ एवढे खोक्यावर लिहून त्याची जबाबदारी घेतली, तरी निम्मे काम होईल. मला आजवर हाताळायला मिळालेल्या स्वस्त दुर्बिणींपैकी एकाही खोक्यावर असा उल्लेख दिसलेला नाही. पाण्याबाबतही ‘वॉटरप्रूफ’ असे मोघम लिहिण्याऐवजी आयपीएक्स ७ असे लिहिले, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, तर भांडायला काही आधार राहतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात आणि कोकणातल्या दमट हवेत हा प्रश्न पुस्तकी नाही. ज्या दुर्बिणीत हवेचा शिरकाव होतो, तिच्या आतल्या काचेवर दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे पसरतात आणि ते साफ केले, तरी लेपावर त्यांचे व्रण राहतात.

तपासणीची विद्या देशात नाही, असेही नाही. डेहराडूनच्या सरकारी कारखान्यांत सैन्यासाठी दुर्बिणी बनतात आणि तिथेच संरक्षण संशोधन संस्थेची प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा आहे. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेत हौशी लोकांनी स्वतःच्या हाताने आरसे घासून आकाशदर्शनाच्या दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, आणि हौशी आकाशनिरीक्षकांच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेला तर १९४४ पासूनची परंपरा आहे. मुंबई ग्राहक पंचायत किंवा अहमदाबादचे ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र यांच्यासारख्या संस्थांनी अशा जाणकारांना हाताशी धरून बाजारातल्या पंधरा-वीस दुर्बिणी विकत घ्याव्यात, नावानिशी तपासाव्यात आणि निकाल आपल्यासारख्या दैनिकांतून प्रसिद्ध करावेत, अशी माझी जाहीर विनंती आहे. संकेतस्थळांवरच्या पाच ताऱ्यांच्या अभिप्रायांवर विसंबता येत नाही. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले खरे, पण ते ऐच्छिक ठेवले. शिवाय अभिप्राय लिहिणाऱ्याने खोके उघडून खिडकीतून एकदा बाहेर पाहिलेले असते, त्याला तरी दोष काय द्यायचा?

सरकारी खरेदीबद्दलही लिहिले पाहिजे. वनविभाग, शाळा, निसर्ग पर्यटन समित्या यांच्याकडून दुर्बिणी खरेदी होतात तेव्हा मागणीपत्रात ‘१० × ५०’ एवढेच लिहिलेले असेल, तर सर्वांत कमी दराचा पुरवठादार ५० मिलिमीटर छापलेली कोणतीही वस्तू देऊन मोकळा होऊ शकतो, आणि कागदोपत्री त्याचे काही चुकत नाही. गावातला जो तरुण पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे कमावतो, त्याच्या हाती अशी दुर्बीण पडली, तर समोरच्या चक्रवाकाचा रंग त्याला धुरकट दिसतो आणि तो काय दाखवणार? मागणीपत्रात प्रत्यक्ष कामाचा व्यास, संपूर्ण बहुस्तरीय लेप, लोलकाची काच, पाणीरोधकतेची श्रेणी आणि किमान दोन वर्षांची भारतातली दुरुस्ती-हमी हे शब्द घालावेत आणि पुरवठ्यातील काही नग उघड्यावर तपासून मगच बिल मंजूर करावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

नियम कडक झाले, तर छोटे विक्रेते मरतील आणि दुर्बीण गरिबाच्या हाताबाहेर जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो पटत नाही. दीड हजारांची दुर्बीण विकू नका, असे कोणी म्हणत नाही. ती ‘८ × ३२, साधी काच, बाहेरच्या पृष्ठभागावर लेप’ असे लिहून विकावी. खरे तर ३२ मिलिमीटरची, आठ पटीची हलकी दुर्बीण मुलांसाठी चांगली असते. हातात धरून दहा-बारा पटींच्या पुढची दुर्बीण स्थिर ठेवता येत नाही, म्हणून साठ पटी खऱ्या असत्या, तरी त्या तिवईशिवाय निरुपयोगीच ठरल्या असत्या. खोटे लिहिल्यामुळे या दुर्बिणीत जो एक गुण होता, तोही झाकला गेला. ज्या दुकानदाराला आज प्रामाणिक ८ × ४० दुर्बीण विकायची आहे, त्याच्या शेजारच्या फळीवर ‘६० × ६०’ निम्म्याहून कमी किमतीत उभी असते. तोटा खरे लिहिणाऱ्याचा होतो आहे.

कायद्याचा आधार ग्राहकालाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याची माहिती व मूळ देश दाखवणे संकेतस्थळांवर बंधनकारक केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक चालू आहे. आजवर दुर्बिणीसाठी त्यावर कोणी फोन करीत नाही, कारण दीड हजारांसाठी कोण कटकट करणार, असे ज्याला त्याला वाटते. विक्रेत्यांचे सारे गणित याच आळसावर बेतलेले आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी दुर्बीण आहे, त्यांनी वर दिलेली टॉर्चची चाचणी करून वर्तुळाचे आणि खोक्याचे एकत्र छायाचित्र तक्रारीसोबत जोडावे. सांगितलेला व्यास आणि कागदावरचे वर्तुळ यांतली तफावत शब्दांत मांडण्याची गरज राहणार नाही.

वैधमापनशास्त्र यंत्रणेने येत्या पक्षी सप्ताहापूर्वी मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर या शहरांतील दुकानांतून व संकेतस्थळांवरून दुर्बिणींचे नमुने घेऊन त्यांचे प्रत्यक्ष व्यास जाहीर करावेत, ही विनंती आपल्या स्तंभातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी. चाचणी कशी करायची, हे दाखवायला आमच्यापैकी कोणीही विनामोबदला हजर राहील.

आपला नम्र,
एक पक्षीनिरीक्षक आणि नियमित वाचक,
नाशिक